घरच्या शेडमधली जिप्सी रस्त्यावर आणताना: शेवटच्या दहा टक्क्यांचं काम

इंजिन सुरू होतं. बॉडी चेसिसवर बसली, नवे पाटे (लीफ स्प्रिंग) लागले, मोठे टायर चढले, रंगही मारून झाला. येणारा-जाणारा विचारतो, ‘कधी काढताय बाहेर?’ आणि आपण म्हणतो, ‘आता थोडंच राहिलंय.’ हे वाक्य म्हणायला लागल्यापासून वर्षभर शेडमध्येच उभ्या राहिलेल्या गाड्या मी पुष्कळ पाहिल्या आहेत. कारण उरलेलं काम फोटोत दिसत नाही. ब्रेकची हवा काढणं, अर्थिंग तपासणं, नट परत आवळणं यात मिरवण्यासारखं काही नसतं. मग माणूस विंच (अडकलेली गाडी ओढायची चरखी) आणि लाइट बारच्या जाहिराती बघत बसतो आणि गाडी तिथेच राहते.

नवख्यांसाठी हा लेख त्या उरलेल्या कामाबद्दल आहे. उदाहरण म्हणून १३०० सीसी एमपीएफआय (पेट्रोल इंजेक्शनच्या) इंजिनाची मारुती जिप्सी धरली आहे. १९८५ ते २०१९ असा तिचा मोठा काळ, शिडीसारखी चेसिस, चारही चाकांना पाटे आणि पाना लावला की खुलणारी रचना, त्यामुळे घरी काम करायला ती बरी. तुमच्याकडे महिंद्राची एमएम ५४० किंवा जुनी थार असली तर आकडे बदलतील, क्रम हाच राहील: आधी जे गाडी थांबवतं, मग जे वळवतं, मग वीज, मग तेल-पाणी. शोभेचं सगळं त्यानंतर.

पण त्याही आधी कागद

हा भाग कंटाळवाणा आहे, तरी पहिला हाच, कारण पुढचे निर्णय यावर ठरतात. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार, कंपनीने मुळात दिलेल्या तपशिलापेक्षा आरसीवरची माहिती वेगळी ठरेल असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच ठामपणे सांगितलं. त्याच वर्षी झालेल्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आली. पुढच्या लोखंडी बुल बारविरुद्ध कारवाई करा, असं केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना कळवलं होतं.

म्हणून एक प्रश्न आत्ताच सोडवा. ही गाडी रस्त्यावर चालवायची आहे, की स्पर्धेला न्यायची आहे? रस्त्यावर चालवायची असेल तर मूळ गाडीच्या शक्य तितकं जवळ राहा, आणि मनात असलेला प्रत्येक बदल आपल्या आरटीओत जाऊन आधी विचारा. लेखी उत्तर मिळालं तर उत्तम. इंजिन बदललं असेल तर परवानगी आणि आरसीवर नोंद हवीच, रंग बदलला तरी नोंद हवी. स्पर्धेची गाडी हा वेगळाच प्रकार. २०१४ साली गोव्यात सुरू झालेल्या रेनफॉरेस्ट चॅलेंज इंडियासारख्या ऑफ-रोड स्पर्धांना उतरणाऱ्या, आत लोखंडी पिंजरा लावलेल्या गाड्या ट्रकवर चढवून नेतात, ते उगाच नाही. ‘दोन्हीला चालेल अशी’ गाडी बांधणारा बहुधा दोन्हीकडे अडतो.

रंगावरून आठवलं. जिप्सी म्हटली की निम्म्या लोकांना लष्करी हिरवा रंग हवा असतो. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम १२१ प्रमाणे ऑलिव्ह ग्रीन रंग फक्त संरक्षण खात्याच्या वाहनांना आहे. लष्कराच्या लिलावातली गाडी घेतली असेल तरी तो रंग बदलूनच तिची नोंदणी करायची.

गाडी पंधरा वर्षांची होऊन गेली असेल तर नोंदणीचं नूतनीकरण लागतं आणि ते पाच वर्षांसाठी मिळतं. दिल्ली पासिंगची असेल तर एनओसीवरचा आणि चेसिसवर कोरलेला नंबर भिंगातून जुळवून बघा. चेसिसला नवा रंग देताना त्या नंबरावर जाड थर किंवा लांबी (पुट्टी) चढू देऊ नका. तपासणीच्या दिवशी इन्स्पेक्टरसमोर पॉलिश पेपरने नंबर घासत बसणं शोभत नाही.

ब्रेक

गाडी चार स्टँडवर घ्या. विटांवर नाही, लाकडी ओंडक्यांवर नाही, नुसत्या जॅकवर तर अजिबात नाही. उतारावर पार्किंग असेल तर चाकांना उटी लावल्याशिवाय जॅकला हात लावू नका.

ब्रेक ऑईल सीलबंद डब्यातलंच घ्या. अर्धा उघडा पडून राहिलेला डबा हवेतलं बाष्प ओढतो, आणि घाटात ब्रेक तापले की त्या पाण्याची वाफ होऊन पेडल खाली जातं. नव्या रंगावर थेंब पडला तर लगेच पाण्याने धुवा, नाहीतर रंग सुटून येतो.

पाइपांतली हवा काढताना मास्टर सिलिंडरपासून (पेडलला जोडलेला, ब्रेक ऑईल ढकलणारा) सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरुवात करायची. आपल्याकडे स्टेअरिंग उजवीकडे, म्हणजे आधी मागचं डावं, मग मागचं उजवं, पुढचं डावं, पुढचं उजवं. एकाने पेडल दाबून धरायचं, दुसऱ्याने चाकामागचा निपल (हवा काढायचा छोटा स्क्रू) सोडून परत आवळायचं, आणि निपल बंद झाल्याशिवाय पेडलवरचा पाय उचलायचा नाही. पेडलवर बसलेला माणूस फोनवर बोलणारा नको. मास्टरच्या बाटलीतलं ऑईल मधूनमधून बघत राहा. ती रिकामी झाली की पुन्हा पहिल्यापासून.

आता पेडल जोरात दाबून अर्धा मिनिट धरा. जागेवर राहिलं तर ठीक, हळूहळू खाली सरकलं तर कुठेतरी गळती आहे किंवा मास्टरचं रबर गेलं आहे. मग इंजिन बंद ठेवून चार-पाच वेळा दाबा, दाबून धरूनच इंजिन सुरू करा. पेडल थोडं खाली आलं तर बूस्टर (पायाचा जोर वाढवणारा डबा) काम करतोय.

गाडी उंच केली असेल तर आणखी दोन गोष्टी बघायच्या. पहिली, रबरी ब्रेक होज. चेसिस स्टँडवर ठेवून चाकं पूर्ण लटकू द्या आणि स्टेअरिंग दोन्ही टोकांना फिरवून बघा. होज ताणला जातोय किंवा टायरला घासतोय असं वाटलं तर लांब होज घालायलाच हवा. ‘सध्या चालेल’ ही सवलत इथे नाही. दुसरी, मागच्या अ‍ॅक्सलला दांडीने जोडलेला लोड सेन्सिंग व्हॉल्व्ह. गाडी उचलली की त्याला वाटतं मागे वजनच नाही, म्हणून तो मागच्या ब्रेकचं प्रेशर कमी करतो. ब्रेक ‘पुढेच लागतात’ अशी तक्रार असणाऱ्या कित्येक उंच गाड्यांत दोष लायनरचा नसतो, या दांडीचा असतो. ती मॅन्युअलप्रमाणे नव्या उंचीला जुळवून घ्या.

स्टेअरिंग आणि पाटे

पाटे अ‍ॅक्सलला बांधणारे यू-बोल्ट आणि पाट्याचं टोक चेसिसला जोडणाऱ्या झुलत्या पट्टीचे, म्हणजे शॅकलचे बोल्ट यांतला फरक लक्षात ठेवा. रबर बुशवाले शॅकल बोल्ट गाडी हवेत असताना पक्के आवळायचे नाहीत. बोल्ट नुसते धरून ठेवा, गाडी चाकांवर उतरवा, बोनेटवर आणि मागे उभं राहून दोन-चार वेळा दाबा, आणि मग आवळा. हवेत आवळले तर बुश कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. यू-बोल्ट मात्र टॉर्क रेंचने (जोर मोजून आवळणारा पाना), तिरक्या जोड्यांनी, टप्प्याटप्प्याने. जुने यू-बोल्ट एकदा काढले की परत वापरू नका. ते ताणलेले असतात आणि नवे काही फार महाग नाहीत.

प्रत्येक आवळलेल्या नटावर पेंट मार्करने एक रेघ ओढा, अर्धी नटावर, अर्धी पत्र्यावर. नंतर नट फिरला असेल तर रेघ तुटलेली दिसते. पूर्ण गाडी तपासायला पाना लागत नाही, टॉर्च पुरतो.

लांब शॅकलने पुढून उचललेल्या जिप्सीचा कॅस्टर (पुढच्या चाकांच्या वळणाच्या आसाचा मागे झुकलेला कोन) कमी होतो. लक्षण सोपं आहे: वळणानंतर स्टेअरिंग आपणहून सरळ येत नाही आणि वेगात गाडी भटकते. पाट्याखाली तिरके शिम (पाचरी) घालून ते सुधारता येतं. पण खड्ड्यानंतर स्टेअरिंग एकदम जोरात थरथरायला लागलं तर आधी किंगपिनचे (ज्यावर चाक वळतं तो खिळा) बेअरिंग, टाय रॉड एंड आणि चाकाचे बेअरिंग बघा. स्टेअरिंग डॅम्पर लावून थरथर लपवणं हा गॅरेजवाल्यांचा आवडता उपाय आहे. मूळ ढिलाई आतच राहते आणि वाढत जाते.

टो-इन, म्हणजे पुढची चाकं समोरून किती आत वळलेली आहेत, ते घरीच मापता येतं. पुढचं चाक उचला, हाताने फिरवत टायरच्या मध्यावर खडूचा पट्टा मारा. एक खिळा लाकडाच्या ठोकळ्यात ठोकून तो जमिनीवर घट्ट धरा आणि टोक खडूला टेकवून चाक पूर्ण फिरवा: पांढऱ्यावर केसासारखी बारीक काळी रेघ उमटते. दुसऱ्या चाकालाही तसंच. गाडी खाली घ्या, थोडी पुढे-मागे ढकला म्हणजे पाटे बसतात. आता दोन रेघांमधलं अंतर हबच्या उंचीवर पुढून मापा आणि तितक्याच उंचीवर मागून. पुढचं अंतर काही मिलीमीटरनी कमी हवं. नेमका आकडा मॅन्युअलमधून घ्या. टेप धरायला दुसरा माणूस हवा. अलाइनमेंटवाल्याकडे नंतर जायचंच आहे, पण तिथपर्यंत गाडी सरळ जायला हे पुरेसं आहे.

टायरचं एक गणित. मूळ २०५/७० आर १५ टायरचा व्यास साधारण ६६८ मिमी, २३५/७५ आर १५ चा साधारण ७३३ मिमी, म्हणजे जवळजवळ दहा टक्के जास्त. स्पीडोमीटर ६० दाखवेल तेव्हा तुम्ही ६६ ने जात असाल. डिफरन्शियलखाली (अ‍ॅक्सलच्या मधला गिअरचा गोळा) मिळालेली उंची मात्र फरकाच्या निम्मी, तीनेक सेंटीमीटर. शिवाय गिअर तितकेच ‘लांब’ होतात, आणि चढावर १३०० सीसीचं इंजिन कुरकुरतं. माझ्या मते पहिल्या गाडीला मूळ मापाचे, पण चांगल्या खाचांचे टायर बरे. कायद्याच्या दृष्टीनेही तेच सोयीचं.

वायरिंग

घरी बांधलेल्या गाडीला आग लागली तर बहुतेक वेळा ती इथून लागते. म्हणून इथे घाई नको.

सुरुवात अर्थिंगपासून. चेसिसला पावडर कोटिंग केलं, बॉडीला इपॉक्सी प्रायमर मारला, सगळं चकचकीत झालं, आणि त्याच चकचकीत थरावर अर्थिंगचा बोल्ट आवळला. रंगातून वीज जात नाही. मग हेडलाइट मिणमिणतात, हॉर्न वाजवला की इंडिकेटर लागतो, फ्युएल गेज नाचतो, आणि माणूस अल्टरनेटर बदलतो. बॅटरी ते चेसिस, इंजिन ते चेसिस, बॉडी ते चेसिस अशा तीन जाड पट्ट्या हव्यात. प्रत्येकीच्या जागी गोल नाण्याएवढा रंग घासून पांढरं लोखंड काढा, दातेरी वायसर घाला, आवळा, आणि मग वरून ग्रीस किंवा रंग लावून गंज अडवा.

खात्री मल्टिमीटरने करायची. डीसी व्होल्टवर ठेवा, एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हवर, दुसरं इंजिन ब्लॉकच्या उघड्या धातूवर, आणि कोणाला तरी सेल्फ मारायला सांगा. आकडा ०.३ च्या खाली राहिला तर उत्तम, ०.५ च्या वर गेला तर पट्टी बारीक आहे किंवा जोड कच्चा आहे. हीच तपासणी बॉडीवर हेडलाइट लावून करा. यात पाच मिनिटं जातात. वायरमनचा एक दिवस वाचतो.

जादा दिवे, पंखा, कंप्रेसर असं काहीही स्विचवरून थेट चालवू नका, रिले (छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) घाला. चार पायांच्या रिलेत ३० वर बॅटरीकडून फ्यूजमधून येणारी वायर, ८७ वरून दिव्याकडे, ८६ वर स्विच, ८५ ला अर्थिंग. ५५ वॉटचे दोन दिवे म्हणजे ११० वॉट, बारा व्होल्टला नऊ अँपिअरच्या आसपास. त्याला १५ अँपिअरचा फ्यूज आणि २.५ चौरस मिमीची वायर पुरते. फ्यूज वायरला सांभाळायला असतो, दिव्याला नाही. म्हणून तो बॅटरीपासून वीतभराच्या आत बसवा. डॅशबोर्डखाली बसवलेला फ्यूज मधल्या दीड मीटर वायरसाठी निरुपयोगी आहे, आणि ती वायर नेमकी एक्झॉस्टजवळून जाते.

पत्र्यातून वायर जाते तिथे प्रत्येक भोकाला रबरी ग्रोमेट. जोड पिळून टेप गुंडाळलेले नकोत. क्रिम्प करून (धातूच्या नळीत दाबून) हीट श्रिंक (गरम केल्यावर आवळणारी नळी) चढवा. टेपचा चिकटपणा एका उन्हाळ्यात वितळतो. आणि वायरिंग झाल्यावर चेसिसला वेल्डिंगचं काम निघालंच, तर आधी बॅटरीचे दोन्ही टोक सोडा आणि ईसीयूचा (इंजिनचा कॉम्प्युटर) सॉकेट काढून ठेवा.

सगळं जोडून झालं की इंजिन चालू असताना बॅटरीवर १३.८ ते १४.४ व्होल्ट दिसायला हवेत. बंद गाडीचा करंट ५० मिलिअँपिअरच्या आत हवा, नाहीतर दर सोमवारी ढकलस्टार्ट.

पेट्रोल, पाणी, तेल

पेट्रोलचे सगळे रबरी पाइप नवे घाला. एमपीएफआयमध्ये प्रेशर जास्त असतं, त्यामुळे कार्बोरेटरच्या गाडीचा पाइप चालत नाही. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि जुनं रबर त्याने मऊ पडतं, तडकतं. पुण्याच्या नाना पेठेत किंवा मुंबईच्या कुर्ल्यात घेताना ‘इंजेक्शनचा, इथेनॉलला चालणारा’ असं स्पष्ट सांगा आणि पाइपवरची छपाई वाचा. किल्ली फिरवून पंप चालू करा, इंजिन न लावता सगळे जोड कोऱ्या कागदाने टिपून बघा.

कूलंट भरताना हीटर असेल तर त्याचा व्हॉल्व्ह उघडा ठेवा, पुढची बाजू उंच करा आणि थर्मोस्टॅट उघडेपर्यंत इंजिन चालवा. हे शटर पूर्ण उघडून करा. बंद शेडमध्ये पाच मिनिटं इंजिन चालवणंही जिवावर बेतू शकतं. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

पुढच्या-मागच्या अ‍ॅक्सलच्या ब्रीदरकडे (हवा आत-बाहेर जायचं छोटं तोंड) कोणी बघत नाही. धावून तापलेलं डिफरन्शियल थंड ओढ्यात बुडलं की आतली हवा आकसते, आणि ब्रीदर बुजला किंवा पाण्याखाली असला तर सीलमधून पाणी आत ओढलं जातं. साधा रबरी पाइप लावून ब्रीदर इंजिनच्या कप्प्यापर्यंत उंच न्या. गाडीभर केलेल्या बदलांत इतक्या कमी पैशांत इतका उपयोग दुसऱ्या कशाचा होत नाही.

पत्रा आणि रंग

टू-पॅक पेंट घरी स्प्रे करू नका. त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतात, कापडी मास्क त्याला काही करत नाही, आणि दमा एकदा लागला की सुटत नाही. अंडरबॉडी, आतले कप्पे, ब्रशने मारायचा प्रायमर एवढं घरी. बाहेरचा रंग बूथवाल्याकडे. लांबी जितकी पातळ तितकी टिकाऊ. गाडी पिळवटते तिथे जाड थर तडकतोच.

मुंबई-कोकणात राहत असाल तर दारांच्या खालचे आणि चेसिसचे पाणी निघायचे छिद्र रंगाने बुजले नाहीत ना, हे तारेने टोचून बघा आणि पोकळ भागांत कॅव्हिटी वॅक्स मारा. शेडमध्ये दोन किलोचं एबीसी अग्निशामक दाराजवळ टांगा. पेट्रोलच्या टाकीमागे टांगलेलं कामाला येत नाही.

पहिली चक्कर

पहिल्या दिवशी सोसायटीच्या आवारात, चालण्याच्या वेगाने. दर वीस पावलांवर ब्रेक. मग जवळचा मोकळा रस्ता, ४० च्या आत, पाचेक किलोमीटर. विमा आणि पीयूसी चालू असल्याशिवाय गेटबाहेर नाही. केलेले बदल विमा कंपनीला लेखी कळवा; दावा करायच्या वेळी ते उघड झाले तर वाद अटळ.

परत आल्यावर पुढच्या डिस्कजवळ आणि मागच्या ड्रमजवळ हात न्या, लावू नका. एक चाक बाकीच्यांपेक्षा फार तापलं असेल तर तिथे ब्रेक धरतोय किंवा बेअरिंग जास्त आवळलं आहे. गाडीखाली पुठ्ठा पसरून ठेवा. सकाळी त्यावरच्या डागाची जागा आणि रंग बघून गळती कुठून, ते कळतं: लालसर-तपकिरी आणि वासाचं ते गिअर ऑईल, हिरवट ते कूलंट, पारदर्शक आणि चाकाजवळ ते ब्रेकचं.

चाकांचे नट पन्नासेक किलोमीटरनंतर पुन्हा टॉर्क रेंचने, यू-बोल्ट शंभरेक किलोमीटरनंतर, आणि पाचशेला सगळ्या रेघा टॉर्चने. नवे पाटे बसतात, उंची थोडी उतरते, म्हणून अलाइनमेंट त्यानंतरच पक्की करून घ्या. जुना कात्रज घाट ही पुणेकरांना चांगली परीक्षा आहे: चढताना टेम्परेचरचा काटा बघा, उतरताना दुसऱ्या गिअरमध्ये राहून ब्रेकचा वास येतो का बघा.

पहिला चिखल

कासच्या किंवा कुठल्याही सड्यावर गाडी चढवू नका. कातळावरचा तो पातळ मातीचा थर एका चाकोरीने उखडतो आणि भरून यायला पिढी जाते. समुद्रकिनाराही नको, भरती आली की गाडी जाते, आणि वाचली तरी खारं पाणी चेसिसच्या पोटात राहतं. ओळखीच्या माणसाचं शेत किंवा प्रशिक्षणासाठी बांधलेला खासगी ट्रॅक बघा. एकटे जाऊ नका. दुसरी गाडी, ओढायचा पट्टा आणि तो अडकवायला दोन डी-शॅकल (लोखंडी कड्या) एवढं असलं की पहिल्या वेळेला विंच लागत नाही.

फोर व्हील लो घालण्याआधी गाडी थांबवा. कोरड्या डांबरावर फोर व्हील ड्राइव्ह लावून वळू नका. पुढच्या-मागच्या चाकांच्या वेगातला फरक ट्रान्सफर केसला (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारा गिअरबॉक्स) सोसावा लागतो. चिखलात हवा कमी केली असेल तर परतीआधी भरा.

घरी आल्यावर आधी खालून धुवा, वरून उद्या धुतली तरी चालेल. पाण्यातून गेली असेल तर दुसऱ्या दिवशी दोन्ही डिफरन्शियलचे भरायचे बोल्ट उघडून करंगळीने ऑईल बघा. दुधाळ आलं तर त्याच आठवड्यात बदला. मागचे ड्रम उघडून आतला गाळ पुसा आणि पुढच्या नकल्सवरची (अ‍ॅक्सलच्या टोकाचे चाक वळवणारे गोळे) वायपर सील फाटली नाहीत ना, तेही बघून घ्या.